'कंठाळी' : एका समीक्षाशब्दाची झडती

मराठी समीक्षेच्या व्यवहारात काही विशेषणे अशी रूढ झाली आहेत की ती वापरणाऱ्यावर पुराव्याची जबाबदारी पडत नाही. एखादी कविता 'दुर्बोध' आहे असे म्हटले तर कोणती ओळ, कोणती प्रतिमा, असे विचारले जाते. 'अनुकरणात्मक' म्हटले तर अनुकरण कोणाचे ते दाखवून द्यावे लागते. 'कंठाळी' म्हटले की मात्र चर्चा संपते. उदाहरण द्यावे लागत नाही, कारण उदाहरण दिले की ते वाचावे लागेल. आणि जे कंठाळी आहे ते वाचण्याच्या योग्यतेचे नाही असे तर आपण आधीच ठरवून टाकलेले असते. 'ही कविता आशयाच्या दृष्टीने महत्त्वाची असली तरी काहीशी कंठाळी झाली आहे' हे वाक्य गेल्या काही दशकांत किती परीक्षणांतून, प्रस्तावनांतून आणि प्रबंधांतून आले असेल याची मोजदाद करण्यात अर्थ नाही. त्यातला 'काहीशी' हा शब्द सौजन्याचा आहे. निकाल 'कंठाळी' या शब्दानेच लागलेला असतो. या शब्दाची एकदा नीट झडती घ्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

शब्दाच्या रूपापासून आरंभ करू. दूध असलेली ती दुधाळ, रस असलेले ते रसाळ, फेस असलेले ते फेसाळ. त्या न्यायाने कंठ भरून असलेले ते कंठाळ, आणि पुढे ईकार जोडून 'कंठाळी'. म्हणजे रूपाने पाहता हा शब्द केवळ गळ्याच्या भरलेपणाविषयी बोलतो. आतून पोकळ, उसने, दिखाऊ, हे अर्थ त्याच्या घडणीत कोठेही नाहीत. ते वापराने चिकटले आहेत. 'रसाळ' या शब्दाला मात्र रसाच्या अतिरेकाचा अर्थ कोणी चिकटवला नाही. रसाळ वाणी हे अजूनही भूषणच आहे. शब्दांचे अर्थ वापराने बदलतात हे भाषेच्या अभ्यासकाला सांगावयास नको. परंतु वापर कोणाचा, आणि तो कोणाविषयी, हे विचारणे त्याच्याच कामाचा भाग आहे.

मोठ्या आवाजासंबंधीच्या मराठी शब्दांचे आणि वाक्प्रयोगांचे स्थूलमानाने दोन गट पडतात. एका गटाचे लक्ष आवाज काढणाऱ्याच्या गळ्याकडे असते: घसा फोडणे, गळा काढणे, टाहो फोडणे, बोंब मारणे, कोकलणे. दुसऱ्याचे लक्ष ऐकणाऱ्याच्या कानाकडे: कान किटणे, कर्णकर्कश, कानठळ्या बसणे. यांपैकी 'कानठळ्या बसणे' हा आवाजाच्या पराकाष्ठेसाठी मराठीने घडवलेला सर्वांत नेमका प्रयोग म्हणावा लागेल. त्याचे व्याकरण पाहावे. कानठळ्या कोणाच्या तरी बसाव्या लागतात. माझ्या, तुमच्या, शेजारच्यांच्या. षष्ठीचा हा संबंध एकतर सांगावा लागतो, नाहीतर संदर्भाने गृहीत धरावा लागतो. तोफ डागली तर जवळ उभ्या असलेल्याच्या कानठळ्या बसतील, दोन कोसांवरच्या शेतकऱ्याच्या बसणार नाहीत. आवाज किती मोठा, या प्रश्नात ऐकणारा कोण आणि तो कोठे उभा आहे, हा प्रश्न या प्रयोगाने अंगभूतच ठेवला आहे. 'कंठाळी' या विशेषणात ऐकणारा नाहीसा होतो. उरतो तो केवळ ओरडणारा. समीक्षकाला प्रत्यक्षात आलेला अनुभव दुसऱ्या गटातला असतो. त्याचे कान किटलेले असतात. लिहिताना तो शब्द पहिल्या गटातला उचलतो. जे आपल्या कानाविषयीचे विधान होते ते कवीच्या गळ्याविषयीचे निदान होऊन बसते. या अदलाबदलीला माझा पहिला आक्षेप आहे.

दुसरा आक्षेप या शब्दांच्या वाटपाला आहे. आवाज तेवढाच मोठा असला तरी मराठीत तो कोणाचा आहे त्यावर शब्द ठरतो. पुढाऱ्याचा आवाज 'बुलंद', वक्त्याचा 'खणखणीत', शाहिराचा 'पहाडी', कुलगुरूंचा बहुधा 'भारदस्त'. स्त्रीचा आवाज चढला तर तिच्यासाठी 'कर्कशा' हे स्वतंत्र नामच भाषेने घडवून ठेवले आहे. त्याला पुल्लिंगी जोड नाही. शेक्सपिअरच्या नाटकाचे मराठी रूपांतर झाले तेव्हा त्याला 'त्राटिका' हे नाव मिळाले आणि पुढे ते घराघरांतल्या भांडखोर ठरवलेल्या बायकांना लावण्याची सोय झाली. ताराबाई शिंदे यांचे 'स्त्रीपुरुष तुलना' १८८२ साली प्रसिद्ध झाले. त्यातला स्वर चढा आहे, वाक्ये अंगावर येतात, पुरुषजातीला उद्देशून केलेले सवाल एकामागोमाग एक येत राहतात. पुढे जवळजवळ शतकभर हे पुस्तक वाङ्मयेतिहासाच्या कानावर पडलेच नाही. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणले. एवढ्या मोठ्या आवाजात बोललेले ज्यांना ऐकू आले नाही त्यांच्या श्रवणशक्तीविषयी काय म्हणावे?

याच शतकातली दुसरी जोडी अधिक परिचित आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला' १८७४ मध्ये सुरू झाली. जोतीराव फुले यांची 'गुलामगिरी' त्याच्या आदल्या वर्षीची. शास्त्रीबोवांनी जोतीरावांच्या भाषेची आणि व्याकरणाची यथेच्छ टवाळी केली. ती करताना त्यांचे स्वतःचे गद्य काही हलक्या आवाजात बोलत नाही. उपरोध, संबोधने, लांबत जाणारी वाक्ये आणि शेवटी घाव, अशी त्याची रीत आहे. आमच्या वाङ्मयेतिहासांनी या गद्याला 'ओजस्वी' म्हटले, 'घणाघाती' म्हटले. घणाचा आघात हा कानाला काही सुखद नसतो. तरीही येथे तो गौरवाचा शब्द आहे. जोतीरावांच्या वाट्याला मात्र 'शिवराळ' आणि 'ग्राम्य' ही विशेषणे आली. दोन्ही लेखकांच्या एकेका पानावरची उद्गारवाक्ये, प्रश्नार्थक वाक्ये आणि प्रतिपक्षाला दिलेली दूषणे मोजून पाहण्याचा उद्योग पदव्युत्तर वर्गात करून पाहण्यासारखा आहे. फरक आवाजाच्या पट्टीत सापडणार नाही असे माझे भाकीत आहे.

आता कवितेकडे येऊ, कारण हा शब्द मुख्यतः तेथे वापरला जातो. छापील पानाला आवाज नसतो. तेव्हा मुकाट्याने वाचली जाणारी कविता 'मोठ्याने' बोलते म्हणजे नेमके काय होते? संबोधने, आज्ञार्थी क्रियापदे, पुनरुक्ती, उद्गारचिन्हे, समूहवाचक 'आम्ही', सरळ विधाने, ही ती गमके असावीत. ही गमके घेऊन केशवसुतांच्या 'तुतारी'कडे (१८९३) जावे. येथे कवी वाद्यच मागतो, आणि तेही आकाशाच्या आरपार जावे एवढ्या आवाजाचे. संबोधने आहेत, आज्ञार्थ आहेत, जुन्याचा धिक्कार आहे. मराठीतल्या या सर्वांत मोठ्या आवाजाच्या कवितेपासून आधुनिकतेची परंपरा मोजण्याची आपली रीत आहे. 'विशाखा'तील (१९४२) 'क्रांतीचा जयजयकार' या कवितेच्या नावातच घोषणा आहे. या कवितांना कंठाळी म्हणावे अशी माझी मुळीच सूचना नाही. त्या मला प्रिय आहेत. माझे म्हणणे एवढेच की त्यांना तो शब्द लागत नाही आणि नारायण सुर्वे यांच्या काही कवितांना, दलित कवितेला, स्त्रियांच्या बंडखोर कवितेला तो सहज लागतो, याचे कारण वरील गमकांत नाही. ते अन्यत्र शोधावे लागेल.

ते कोठे असावे याचा एक धागा नामदेव ढसाळ यांच्या 'गोलपिठा'त (१९७२) मिळतो. हा संग्रह आरडाओरड्याचा नमुना म्हणून अनेकांनी मनात साठवून ठेवला आहे. तो प्रत्यक्ष वाचू लागले की काय आढळते? पुष्कळ कविता संथ आहेत. लांब ओळी रेंगाळत पुढे सरकतात, वस्तूंच्या, अवयवांच्या, गल्ल्यांच्या याद्या येतात, मध्येच स्वर खाली येऊन जवळजवळ पुटपुटण्याइतका होतो. ज्याला मोठा आवाज म्हटले गेले तो पुष्कळ ठिकाणी आवाज नसून शब्दसंग्रह आहे. कामाठीपुऱ्यातल्या व्यवहाराचे, जुगाराचे, मांसाचे, रोगांचे शब्द मध्यमवर्गीय वाचकाच्या परिचयाचे नव्हते. अपरिचित बोली नेहमीच ओरडून बोलल्यासारखी वाटते. परक्या प्रांतातली माणसे रेल्वेच्या डब्यात साध्या गप्पा मारत असली तरी ती भांडत आहेत असे आपल्याला वाटते, तसलाच हा प्रकार आहे. वाचकाच्या कानाला झालेला हा अपरिचयाचा ताण 'कंठाळी' या शब्दाने कवीच्या नावे मांडला गेला.

आवाज लहान की मोठा हे सापेक्ष असते, हा काही माझा शोध नव्हे. पाणिनीने उदात्त स्वराचे लक्षण 'उच्चैः' या शब्दाने केले, तेव्हा पतंजलीने महाभाष्यात तत्काळ शंका उपस्थित केली आहे. त्याचा दृष्टान्त आजच्या कोणत्याही वर्गात घडू शकेल असा आहे. एक जण पठण करीत असतो. त्याला कोणी म्हणतो, एवढा का ओरडतोस, हळू म्हण. त्याच माणसाला, त्याच पठणासाठी, दुसरा म्हणतो, दातांतल्या दातांत काय म्हणतोस, मोठ्याने म्हण. मग 'उच्च' या शब्दाला स्थिर अर्थ तरी कोणता? यावर गळ्याच्या आणि शरीराच्या स्थितीवरून उच्चता ठरवावी असा उपाय सुचवला जातो. अवयव ताणले गेले, कंठविवर आकुंचित झाले, की आवाज उच्च. हाही उपाय पुरा पडत नाही. ज्याचा प्राण अल्प आहे त्याचा सर्वांत उच्च स्वर हा महाप्राण माणसाचा सर्वांत नीच स्वर असू शकतो. म्हणून अखेर तुलना एकाच उच्चारस्थानाच्या वरच्या आणि खालच्या भागांत करावी, असा निर्णय येतो. वैयाकरणाला जी अडचण दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी दिसली, ती आमच्या समीक्षेला अजून दिसलेली नाही. कंठविवराच्या ताणावरून उच्चता ठरवण्याचा जो उपाय भाष्यात अपुरा ठरला, तोच आम्ही 'कंठाळी' म्हणून वापरीत आहोत.

काव्यशास्त्राचे म्हणाल तर तेथेही हीच सावधगिरी आहे. 'श्रुतिकटु' हा दोष आलंकारिकांनी सांगितला. तो कठोर वर्णांविषयीचा आहे, आवाजाच्या मोठेपणाविषयीचा नव्हे, हे ध्यानात ठेवले तरी त्याची चिकित्सा येथे उपयोगी आहे. नावातच कान आहे. शिवाय आनंदवर्धनाने तो अनित्य दोषांत घातला: शृंगारात तो टाळावा, सर्वत्र तो दोष नव्हे. मम्मटाने ओजोगुणाची तीव्रता वीराहून बीभत्सात आणि त्याहून रौद्रात अधिक मानली. म्हणजे रौद्र कवितेला श्रुतिकटुत्वाबद्दल शिक्षा करणे हे परंपरेच्या दृष्टीनेही अज्ञानच ठरेल. परंपरेचा कैवार घेऊन नव्या कवितेला नाके मुरडणाऱ्यांनी सातवा आणि आठवा उल्लास पुन्हा उघडावा.

अगदी सरकारी नियमांनाही ही सापेक्षता कळते. ध्वनिप्रदूषणासंबंधीच्या २००० सालच्या नियमांत दिवसा औद्योगिक क्षेत्रासाठी ७५ डेसिबल, निवासी क्षेत्रासाठी ५५ आणि शांतता क्षेत्रासाठी ५० अशा वेगवेगळ्या मर्यादा आहेत. रात्रीच्या आणखी निराळ्या. मराठी समीक्षेने मात्र साऱ्या मराठी मुलखाला शांतता क्षेत्र घोषित केलेले दिसते.

या घोषणेमागे एक इतिहास आहे. मराठी काव्याचा मोठा भाग उघड्यावर, माणसांच्या गर्दीत, ध्वनिक्षेपकावाचून म्हटला गेला आहे. चंद्रभागेच्या वाळवंटातले कीर्तन, डफ-तुणतुण्यावरचा पोवाडा, सत्यशोधक जलसे, भीमराव कर्डक यांचे आंबेडकरी जलसे ही त्याची ठिकाणे. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक उभे केले ते गिरणगावच्या श्रोत्यांसाठी. त्यांच्यापैकी अनेक जण दिवसभर मागांच्या खडखडाटात उभे राहून आलेले असत. पोवाड्यात शाहिराची ओळ झीलकरी उचलतात आणि लांबवतात, ती काही केवळ शोभेसाठी नव्हे. शाहिराला दम घ्यावयाचा असतो, आणि मागच्या रांगेपर्यंत ओळ पोचवावयाची असते. पुनरुक्ती, टीपेचा स्वर, ठाशीव यमक ही या काव्यप्रकाराची रचनातत्त्वे आहेत. ती पानावर उतरवून, खुर्चीत बसून, मनातल्या मनात वाचायची आणि मग मोठ्या आवाजाबद्दल तक्रार करायची, हे रस्त्यावरच्या दिंडीचे नियम ग्रंथालयाच्या घंटेने ठरवण्यासारखे आहे.

येथे कोणी मर्ढेकरांचा हवाला देईल. संयम, सूचकता, तरलता, अल्पाक्षरत्व यांचा जो आग्रह 'सत्यकथे'च्या काळात रुजला, त्याला मर्ढेकरांच्या सौंदर्यविचाराचा आधार असल्याचे मानले जाते. परंतु मर्ढेकरांनी साहित्याचे माध्यम नाद नसून भावनात्मक अर्थ आहे असे आग्रहाने मांडले होते. त्या भूमिकेवर जो ठाम असेल त्याला 'कंठाळी' हा शब्द मुळी वापरताच येणार नाही. माध्यमातून नाद वगळायचा आणि दोष मात्र नादाचा काढायचा, ही विसंगती आहे. त्याने भावनात्मक अर्थांची संगती कोठे बिघडली, विरोधाची लय समतोलाला का पोचली नाही, हे दाखवून द्यावे. ते कष्टाचे काम आहे. 'कंठाळी' म्हणणे सोपे.

विद्रोही कवितेच्या कैवाऱ्यांनाही मी यातून मोकळे सोडू इच्छीत नाही. त्यांनी 'आक्रोश' हा शब्द उचलला आणि तो मानाच्या पट्ट्यासारखा प्रत्येक संग्रहाच्या गळ्यात घातला. आक्रोश, नकार, विद्रोह ही त्रयी विद्यार्थी पाढ्यासारखी म्हणतात. 'आक्रोश' म्हणणारा आणि 'कंठाळी' म्हणणारा यांच्यात मूल्यनिर्णयाचा विरोध असला तरी गृहीतक एकच आहे: ही कविता म्हणजे गळ्यातून निघालेला आवाज आहे, ती रचलेली वस्तू नाही. एकाला तो आवाज पवित्र वाटतो, दुसऱ्याला असह्य. ओळ कोठे तोडली, क्रियापद का मागे ठेवले, अभंगाची चाल कोठे मोडून टाकली, या प्रश्नांकडे दोघेही फिरकत नाहीत. बाबूराव बागूल यांच्या कथांविषयी 'भडक' आणि 'धगधगीत' या दोन विशेषणांच्या पलीकडे न गेलेले लेखन मी वर्षानुवर्षे तपासत आलो आहे. त्यांतल्या निवेदकाच्या अंतराविषयी, काळाच्या हाताळणीविषयी एक परिच्छेद मिळाला तर परीक्षकाला दिवाळी वाटते.

हा वाद केवळ विशेषणांचा आहे असे कोणास वाटत असेल तर त्याने अभ्यासमंडळाच्या बैठकीत बसून पाहावे. एका विद्यापीठात पदवीच्या काव्यसंग्रहाची निवड चालू असताना मी उपस्थित होतो. एका कवितेवर दोन-तीन मिनिटे बोलणे झाले, मग एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, "जरा कंठाळी आहे हो." कोणी कारण विचारले नाही. पान उलटले गेले. मी तीच कविता तेथे मोठ्याने वाचून दाखवण्याची परवानगी मागितली, तेव्हा वेळ नाही असे उत्तर मिळाले. ती तीन वर्षांसाठी त्या अभ्यासक्रमाबाहेर राहिली आणि हजारो मुलांच्या हाती पडली नाही. जी मुले या काळात त्या विद्यापीठातून शिकून शिक्षक झाली, ती पुढे आपल्या वर्गात कोणती कविता शिकवतील हेही त्या दोन-तीन मिनिटांत बऱ्याच अंशी ठरले.

शेवटी एक आक्षेप उरतो आणि तो रास्त आहे. खरोखरीच वाईट, पोकळ, आवाजी कविता नसते काय? असते, आणि पुष्कळ असते. कविसंमेलनांत ध्वनिक्षेपक हाती आला की शेवटची ओळ चार वेळा म्हणणारे, प्रत्येक कडव्याअखेर टाळीसाठी थांबणारे कवी आपण सर्वांनी सोसले आहेत. त्यांत विद्रोही आहेत तसे प्रेमकवीही आहेत, आणि मातृमहिमा गाणारे तर सर्वांत अधिक. मात्र तेथेही दोष आवाजाच्या मोठेपणाचा नाही. ओळीत जेवढा अर्थ आहे त्याहून अधिक वेळ ती हवेत धरून ठेवली जाते, हा तो दोष आहे. अशी ओळ कुजबुजून म्हटली तरी रिकामीच राहील. कुजबुजणाऱ्या रिकाम्या कविता मराठीत थोड्या झाल्या आहेत काय? त्यांच्यासाठी आपल्या समीक्षेने 'कंठाळी'च्या तोडीचा एकही निंदाव्यंजक शब्द घडवलेला नाही. त्यांना आपण 'तरल' म्हणतो.